साबणातल्या सोड्याविषयी

पुणे

प्रिय नीता,
सप्रेम नमस्कार.

घरच्या खोबरेलाचा साबण करून विकायचा तुझा बेत मनापासून आवडला. फक्त वेष्टनावर 'केमिकलविरहित' छापू नकोस, एवढं माझं ऐक. कॉस्टिक सोड्यावाचून साबणाची वडी होतच नाही. तेल आणि सोडा एकमेकांत पुरते मुरले की साबण आणि ग्लिसरीन होतं. माप बरोबर असेल तर वडीत मोकळा सोडा उरत नाही. बाजारातला साबणाचा तयार गोळा (बेस) आणून वितळवलास तरी सोड्याचं काम आधीच कुणीतरी केलेलं असतं.

सगळा जीव त्या मापात आहे. दर ग्रॅम तेलाला सोडा लागतो तो असा: खोबरेलाला 0.183 ग्रॅम, तिळाच्या तेलाला 0.134, एरंडेलाला 0.128. 300 ग्रॅम खोबरेल, 150 तीळतेल आणि 50 एरंडेल घेतलंस तर हिशेब 81 ग्रॅमच्या आसपास जातो. त्यातला 5 टक्के कमी करून 77च घे, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं. नुसत्या खोबरेलाचा साबण त्या तेलातल्या लॉरिक आम्लामुळे फेस भरपूर देतो, पण अंग कोरडं पाडतो, त्यासाठी तीळतेल. एरंडेलानं फेस टिकतो. वाटी-चमचा नको, वजनकाटाच हवा.

सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं घे. जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) भांड्याला सोडा खातो आणि हायड्रोजन सुटतो. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि मुलं त्या वेळी शेजाऱ्यांकडे.

हळद घालणार म्हणतेस, तर पिवळ्याधमक वडीची आशा धरू नकोस. सोडा लागला की हळद लाल होते; कुंकू करतात ते हळदीला क्षार लावूनच. पुढे सोडा संपत जातो तशी ती लाली उतरते आणि नारिंगी-विटकरी रंग राहतो. मला तो फार आवडतो. लिंबाचा रस मात्र घालू नकोस, तो सोड्यालाच खातो आणि तुझं माप बिघडवतो.

वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर ठेव. पाणी उडून त्या टणक होतात, झिजतातही कमी. विकण्याआधी अन्न व औषध प्रशासनाकडे सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्याची चौकशी कर. आणि वेष्टनावर सोड्यासकट सगळे घटक लिही. कुणी विचारलं तर तू समजावून सांगशील, तुला ते छान जमतं.

पहिल्या घाण्यातल्या दोन वड्या मला हव्यात. काकूंना नमस्कार.

तुझी,
मेधा