मोंढ्याच्या पट्टीवर चाललेली गणिताची शाळा

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई आणि अण्णांना,
सा. न. वि. वि.

अण्णा, तुम्ही परवा विचारलंत, "नोकरी, लेकरं सांभाळून हे गणिताचा इतिहास कशाला शिकायलीस?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. या कोर्सनं बढती मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकते. शनिवार-रविवारी विद्यापीठात जाते, एवढंच.

सुरुवातीचे बाबिलोन, ग्रीस मी कानाआड केले. भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ लीलावती आला आणि मी सरसावून बसले. ग्रंथ ११५० चा, भास्कराचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे. त्यातलं एक गणित बघा: बत्तीस हात उंच वेळू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर मोडला किती उंचीवर? वर्गातली पोरं लगेच क्ष मांडायला बसली. भास्कराचार्यांची रीत तुमच्यासारखी, तोंडी: सोळाचा वर्ग २५६, त्याला बत्तिसानं भागलं की आठ. बत्तिसातून आठ गेले चोवीस, त्याचं निम्मं बारा. झालं! असाच मोडका वेळू भास्कराचार्यांच्या हजारेक वर्षं आधीच्या चिनी ग्रंथातही आहे. तिथं तो दहा मापं उंच अन् शेंडा तीन मापांवर.

आई, घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजायच्या भांड्यात, मोती पडून भास्कराचार्यांच्या लेकीचा, लीलावतीचा लग्नाचा मुहूर्त टळला, ही तू सांगायचीस ती गोष्ट मात्र भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. मी लेकीला तरी सांगणारच. गोष्ट छान आहे.

आता खरी गंमत. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादवांचा राजा जैत्रपाल यानं पदरी घेतलं. नातू चांगदेव सिंघण यादवाचा राजज्योतिषी. म्हणजे आपल्या देवगिरीच्या दरबारातली ही माणसं. या चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावकडं हे पाटण. तिथं शके ११२८ चा शिलालेख आहे. वरचा भाग संस्कृत, पण शेवटी मठाचा खर्च कसा भागवायचा ते चक्क मराठीत कोरलंय. पेठेत जो माल विक्रीला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला, आणि चालू असलेल्या दर घाण्यामागं एक पळी तेल!

अण्णा, तुम्ही उभा जन्म मोंढ्यात आडतीच्या पट्ट्या लिहिल्यात. हमाली, तोलाई, कडता, सगळं कापून शेतकऱ्याच्या हातात किती, ते माल उतरायच्या आत तुम्हाला तोंडपाठ. पाटणच्या बाजारात असाच कुणी दिवाणजी बसला असेल, त्याच्या हिशेबावर लीलावती शिकवली गेली. सरांनी मठाचा विषय चांगदेवाच्या विद्वत्तेवर संपवला. मला तो पेठेतला माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि माझं टिपण त्याच्यावरच असणार आहे.

त्यासाठी तुमचे अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा), सगळे हवेत. पुस्तकात छापील मिळतात, पण तुम्ही भाव करताना कुठली कुठं वापरायचात ते छापलेलं नाही. रविवारी दुपारी फोन करते. आईला म्हणावं, फोन टेबलावर उभा करून ठेव, मी ध्वनिमुद्रण करणार आहे. आणि घसा बसलाय म्हणून टाळायचं नाही.

तुमची,
ताई