गोदाघाटावरील वास्तूंच्या चुन्यासाठी एक विनंती

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

2027 च्या सिंहस्थानिमित्त गोदाघाटावरील जुन्या वास्तूंच्या डागडुजीचा विषय निघाला की, नाशिकची देवळे काळ्या दगडाची आहेत, त्यांना धुरा-धुळीने काय होणार, असे हमखास ऐकू येते. दगडापुरते ते बरेचसे खरे आहे. परंतु नारोशंकर मंदिरासारख्या पेशवेकालीन बांधकामांत आणि जुन्या नाशकातील वाड्यांत दगड-विटा धरून ठेवणारा चुना हा रसायनाच्या दृष्टीने चुनखडकच आहे. कळीचा चुना विरवून, चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाने चुना दळण्याच्या गोल चरात) मळून भिंतीत बसला की हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. ताजमहालाचा संगमरवरही तोच पदार्थ आहे, आणि त्याच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये परिसरातील कारखान्यांना कोळसा सोडण्यास किंवा स्थलांतर करण्यास सांगितले होते.

कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून आम्ल तयार होते आणि ते चुन्याचे जिप्सम करते. जिप्सम पाण्यात चुनखडकापेक्षा कितीतरी अधिक विरघळत असल्याने, पावसाचा मारा बसतो तेथील सांधे पोकळ होत जातात. पाऊस पोहोचत नाही अशा आडोशाला मात्र ते काजळी धरून काळी खपली बनते आणि पुढे आतल्या थरासह सुटते. आग्र्याच्या पांढऱ्या दगडावर असा डाग लगेच डोळ्यात भरतो, आमच्या काळ्या दगडावर तो दिसतच नाही, ही नाशिकची खरी अडचण आहे.

त्यात सिमेंटची भर पडते. आमच्याच वाड्याच्या पडवीचे सांधे काही वर्षांपूर्वी सिमेंटने भरले गेले. भिंतीतील ओल बाहेर पडेना, आणि तीन पावसाळ्यांत शेजारचा शाबूत गिलावा फुगून गळाला. ते पाहताना फार वाईट वाटले.

नाशिक हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहर आहे. तेव्हा हवेची मोजणी घाटालगतही व्हावी, आणि जुन्या चुन्याच्या बांधकामांच्या निविदांत सिमेंटला स्पष्ट मनाई असावी, ही विनंती. चुना सावकाश घट्ट होतो, भर पावसात तो लावता येत नाही. म्हणून हा निर्णय कामे सुरू होण्यापूर्वीच व्हावा.

कळावे,
जुन्या नाशकातील एक रहिवासी