साडेतीन महिन्यांचं मंत्रिपद

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

संशोधन सोडून वेलिंग्टनला सरकारी आरोग्य खात्यात जाऊ का, असं तू विचारलंस. बाबांचं मत तुला ठाऊकच आहे: एवढं शिकून फायली कशाला हलवायच्या? मला ते पटत नाही. का, ते तुझ्याच ओटागो विद्यापीठातल्या एका माणसाच्या आधारानं सांगते.

त्यांचं माओरी नाव ‘ते रांगी हिरोआ’, म्हणजेच सर पीटर बक. न्यूझीलंडच्या तारानाकी भागातल्या उरेनुईचे, वडील आयरिश, आई माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. १९०४ साली ते ओटागोतून डॉक्टर झाले. न्यूझीलंडमध्ये शिकून डॉक्टर झालेले ते पहिले माओरी. तेव्हा माओरी समाज आता संपणार, असं भले भले लोक धरून चालले होते. १८९६ च्या जनगणनेत त्यांची संख्या ४२ हजारांच्या आसपास उरली होती. १९०५ पासून बक डॉ. माउई पोमारे यांच्या हाताखाली आरोग्य अधिकारी म्हणून माओरी वस्त्यांत फिरू लागले. पिण्याचं पाणी, संडास, घरात खेळती हवा, हेच काम. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा हे काम काय असतं ते मला माहीत आहे. औषध लोक घेतात गं, पण विहीर कुठे असावी आणि संडास कुठे, हे बाहेरून आलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही. बक माओरीतून बोलत, माराएवरच्या, म्हणजे माओरींच्या सभेच्या जागेवरच्या, सभेचे रीतिरिवाज पाळत. शिवाय डोळे उघडे ठेवून फिरले. १९१० चा त्यांचा एम.डी.चा प्रबंध माओरींच्या जुन्या-नव्या वैद्यकावरच आहे.

१९०९ मध्ये पोटनिवडणूक जिंकून ते संसदेत गेले. १९१२ च्या मार्चमध्ये पंतप्रधान मॅकेन्झींच्या मंत्रिमंडळात माओरींचे प्रतिनिधी म्हणून मंत्री झाले, पॅसिफिकमधल्या कूक बेटांचा कारभारही त्यांच्याकडे आला. जुलैत सरकार पडलं. झालं एवढंच मंत्रिपद!

मला या सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. कूक बेटांवर ते १९१० मध्येच डॉक्टर म्हणून राहून आले होते, म्हणजे ज्या बेटांची जबाबदारी मिळाली तिथले आजारी त्यांनी आधी तपासले होते. आणि मंत्रिपद गेलं त्याच वर्षी ते पुन्हा डॉक्टर म्हणून नीउए बेटावर गेले. मंत्री राहिलेला माणूस एका लहानशा बेटावर रोगी तपासायला जातो, हे मी आपल्याकडे पाहिलेलं नाही.

पुढे महायुद्धात गॅलिपोली आणि फ्रान्स. परतताना जहाजावर त्यांनी माओरी सैनिकांची डोकी मोजली. वंश ठरवायला कवट्या मोजण्याचं ते शास्त्र मला मुळीच आवडत नाही. पुढे अमेरिकेनं त्यांच्याच रक्ताचा हिशोब मांडला आणि पॉलिनेशियन अंश जास्त म्हणून नागरिकत्व नाकारलं, हे वाचून फार वाईट वाटलं. १९२७ पासून ते होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये मानववंशशास्त्रज्ञ म्हणून होते, १९३६ पासून १९५१ मध्ये जाईपर्यंत संचालक. सामोआतली घरं, चटया, होड्या यांच्याबद्दल लिहिताना दोरी कुठून येते, गाठ कशी बसते, हेसुद्धा त्यांनी रेखाटून दाखवलं. हे बारकावे पाहण्याची नजर त्यांना वस्त्यांमधल्या नोकरीनं दिली, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सरकारात गेलीस तर शास्त्र सुटलं, असं मी मानत नाही. मला काळजी वेगळीच आहे. बाई, ती जागा कुठली आहे? वर्षभर टेबलाशी बसून दुसऱ्यांचे अहवाल वाचायचे, की तुला स्वतः वस्त्यांमध्ये, बेटांवर जायला मिळणार? होकार कळवण्याआधी हे स्पष्ट विचारून घे, आणि जमलं तर लेखी घे. फिरती असेल तर खुशाल जा. बाबांशी मी बोलते.

तुझी,
आई