अण्णा, तुमच्या ड्युटी चार्टबद्दल

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग म्हणाल, एवढं काय ते फोनवर सांगायचं. फोनवर जमत नाही. समोर तर मुळीच नाही. मी 'थँक्यू' म्हणालो तर तुम्ही 'जेवलास?' विचारून विषय संपवणार. शिवाय आपण घरात बोलतो कोकणी, आणि कोकणीत सासऱ्याचे आभार कसे मानतात ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही. लिहायला बसलो की हात आपसूक मराठीत चालतो, म्हणून हे पत्र. उघडंच ठेवतोय, चार लोकांनी वाचलं तरी चालेल. बेडकांमागे, पाखरांमागे, ताऱ्यांमागे कॅमेरा घेऊन फिरणारे बाप गोव्यात पुष्कळ आहेत. सगळ्यांनाच कंडक्टर सासरा मिळतो असं नाही.

माझं वेड तुम्हाला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं, याबद्दल आधी माफी. वर्षाचे आठ महिने मी सरळ माणूस. सकाळी साखळीहून पणजीची बस, ऑफिस, संध्याकाळी परत. पहिला पाऊस पडला आणि घरामागच्या कुंपणात झुडपी बेडकांची टाइपरायटरसारखी टिकटिक सुरू झाली की माझं डोकं जागेवर राहत नाही. जून ते सप्टेंबर हे चारच महिने. त्यातून सत्तरी तालुक्यासारखा पाऊस, म्हादईचं २०८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य दाराशी, आणि त्याच्या बाहेरच्या कुळागरांतून, म्हणजे पोफळींच्या बागांतून, रस्त्याकडेच्या व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतूनसुद्धा एवढं सापडतं की आयुष्य पुरणार नाही. सुर्ल्याच्या कातळसड्यावरच्या एका लहानशा बेडकाची शास्त्रात नोंद झाली ती थेट २०१८ साली, आणि त्याला नावही मिळालं 'गोएंची'. गोव्याचा. तोवर तो काय लपून बसला होता? आपल्याच लोकांच्या पायांखाली ओरडत होता. हे वाचल्यावर मला घरात बसवेना.

बाकीच्यांना हे कळणं कठीणच. रात्री डोक्याला टॉर्च बांधून व्हाळाकाठी वाकलेला माणूस म्हणजे बेबे (कोकणीत बेडूक) पकडायला आलेला, अशीच आपल्याकडे समजूत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे हे मीच दोनदा लोकांना समजावलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं की हा पकडला गेल्यामुळे कायदा सांगतोय.

आता त्या रात्रीचं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

जुलै महिना. थोरला तीन वर्षांचा, धाकटी जेमतेम सात महिन्यांची. तुमच्या लेकीची दहा वाजता नाइट ड्युटी. मी साडेसहाला निघालो आणि सांगून गेलो की साडेनऊला दारात उभा असेन. घाटात धुकं, बारीक पाऊस, आणि वळणावरच्या एका झुडपावर झुडपी बेडकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून बसलेला. पूर्ण फुगलेली पिशवी, त्यावर फ्लॅशचा मऊ उजेड, मागे काळोख, एवढी एकच फ्रेम मला हवी होती. तो दर वेळी अर्धीच फुगवायचा. मी म्हटलं, अजून पाच मिनिटं. आमच्या छंदात पाच मिनिटं हे वेळेचं माप नसतं, ती एक प्रकारची प्रार्थना असते. केरी सोडल्यापासून फोनला रेंज नव्हती. घरी पोचलो तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. धाकटी तापाने फणफणलेली, तुमच्या लेकीची ड्युटी बुडालेली, फोनवर तिचे चौदा मिस्ड कॉल. ती काहीच बोलली नाही. टॉवेल दिला आणि आत गेली.

सोमवारी तुम्ही केरीहून पहिल्या बसने आलात. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं आहे. तुम्ही सोप्यावर बसलात, चहा घेतलात आणि विचारलंत, "कितल्याक सुटलो? कितल्याक पावलो?" किती वाजता सुटलास, किती वाजता पोचलास? मी वेळा सांगितल्या. "वाटेत गाडी बंद पडली होती?" नाही. "दरड?" नाही. "मग सहा तास उशीर कशाच्या खात्यात घालू?" आवाज अगदी डेपोतला, राग नाही की टोमणा नाही. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तरच नव्हतं.

मग तुम्ही दारावरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलंत, मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीशिवाय सरळ रेघा मारल्यात आणि चार्ट केलात. बत्तीस वर्षं कदंब बस महामंडळात काढलेल्या माणसाचं अक्षर. शनिवार, सुटणे ७.३०, पोचणे १२.३०. महिन्यातले तीन शनिवार माझे, चौथा ऑफ. शनिवारी रात्री घरात तुम्ही. घाटात शिरायच्या आधी केरीला थांबून एक फोन. उशीर झालाच तर तेवढा वेळ पुढच्या फेरीतून कापायचा. मी म्हटलं, अण्णा, बेडूक वेळापत्रक पाळत नाहीत. तुम्ही म्हणालात, "बस उशिरा आली तर कंडक्टरला काही होत नाही. स्टँडवर उभ्या असलेल्याला होतं."

हे वाक्य मी कुठे लिहून ठेवलं नाही, तरी पाठ आहे.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. चार्टात पहिली ओळ माझी नव्हतीच. सगळ्यात वर तुम्ही लिहिलं होतं, 'बुधवार, ४ ते ७, हिची सुट्टी.' तिला तुम्ही विचारलंत, तुझा साप्ताहिक ऑफ कुठल्या वारी असतो? हॉस्पिटलातला नव्हे, घरातला. ती हसली आणि मग हसता हसता थांबली. दोन बाळंतपणांत तिची वाजवायची पेटी कपाटावर गेली होती, मी तिच्यावर माझे ट्रायपॉड ठेवत होतो. आता बुधवारी ती भजनाला जाते. जावयाला सूट द्यायला आलेला सासरा स्वतःच्या लेकीचं आधी बघून गेला, आणि मला वाटत राहिलं की चार्ट माझ्यासाठी आहे.

दुसरा झटका त्याच्या पुढच्या महिन्यात. मी शनिवारी वेळेवर येत होतो आणि स्वतःवर खूश होतो. पण रविवारी सकाळी मी कॉम्प्युटरपुढे. एका रात्रीत चारशे-पाचशे फ्रेम होतात, त्यातून पाच-सहा निवडायच्या, रंग सुधारायचे, फोकस जराही हुकला असेल तर फेकायच्या. मुलगा बॉल घेऊन मागे उभा. तुम्ही विचारलंत, हे काय? मी म्हटलं, हे फोटोग्राफीचं नाही, नंतरचं काम आहे. तर तुम्ही म्हणालात, फेरी संपली तरी कॅश जमा करून पेटी परत देईपर्यंत कंडक्टर ड्युटीवरच असतो. बॅटऱ्या चार्ज करणं, बूट धुणं, लेन्स पुसणं, फोटो निवडणं, सगळं चार्टावर आलं. तेव्हा बेरीज करून पाहिली आणि लाज वाटली. पाच तासांच्या शनिवारमागे आठवड्याचे आणखी नऊ तास जात होते, आणि मी छाती ठोकून सांगत होतो की आठवड्यातून एकच रात्र बाहेर असतो. आता फोटो बघणं मुलं झोपल्यावर, मंगळवारी आणि गुरुवारी, साडेदहाला बंद. काही फोटो डिसेंबरपर्यंत पडून राहतात. राहू देत. बेडूक तोवर काही म्हातारा होत नाही.

आणि तुमची पत्र्याची पेटी. तिकिटांचे गठ्ठे ठेवायची ती जुनी पेटी तुम्ही एका शनिवारी पिशवीतून आणलीत, कारण अगदी जवळून फोटो काढायच्या माझ्या मॅक्रो लेन्समध्ये बुरशीचा कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा दिसला होता आणि मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. आपल्याकडे पावसाळ्यात चपला, पट्टे, लग्नातले सूट सगळ्यांना बुरी येते, कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो, मग लेन्स कशी सुटेल? झाकणाला तुम्ही सायकलच्या ट्यूबचा रबर चिकटवला होता. आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी पडले की काढायचे आणि गरम करून पुन्हा निळे करायचे, जेवणाच्या भांड्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर. त्या तव्यावर तुमच्या लेकीने खिळ्याने कोरलंय, 'बेबो'. पेटी दर्जाची निघाली. त्यानंतर एकही लेन्स गेली नाही.

एकदा मी लबाडी केली, तेही लिहून टाकतो. सव्वाला आलो आणि चार्टात साडेबारा लिहिलं. तुम्ही हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून झोपला होतात, घोरतसुद्धा होतात. सकाळी बघतो तर १२.३० वर लाल रेघ आणि बाजूला १.१५. तुम्ही चहात पाव बुडवून खात होतात. आपण दोघेही त्यावर आजवर बोललेलो नाही.

बेडकांचं तुम्हाला काडीचंही कौतुक नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच गेल्या जुलैतला तुमचा फोन मी विसरणार नाही. "तुज्या बेब्यांनी माझ्या तळीवर साबणाचा फेस केलाय." मी ऑफिसात ताडकन उभा राहिलो. पोफळींच्या मध्ये ती तुमची दगडी तळी, तिच्यावर झुकलेली फांदी, आणि पानं एकमेकांना चिकटवून केलेला पांढरा गोळा. हिरवा मलबार उडता बेडूक. बोटांमधल्या तांबड्या पडद्यांवर तरंगत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारा. त्याची मादी मागच्या पायांनी घुसळून घुसळून फेस काढते आणि त्यात अंडी घालते. बरोबर पाण्याच्या वर, म्हणजे आठवड्याभराने पिल्लं खाली पडली की थेट पाण्यात. त्या दिवसापासून तुम्ही रोज सकाळी सातला रिपोर्ट दिलात. फेस पिवळा पडला. वरून सुकला. आज खालून ओला. शनिवारी दुपारी फोन आला, "थेंब लागलेत." मग आम्ही चौघेही केरीला आलो. सुटणे ४.००. पोचणे लिहिलंच नाही, कारण मुक्काम तुमच्याकडे होता.

ती रात्र मला आडवी-उभी पाठ आहे. माझ्या टीव्हीच्या खोक्यातल्या फोमचा केलेला, फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर, लेन्सचं छिद्र एफ ११ वर, गुडघे चिखलात. थोरल्याच्या हातात टॉर्च, तोंडावर लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो दहा मिनिटं गप्प. धाकटी तुमच्या लेकीच्या कडेवर, छत्रीखाली. तुमची छत्री कॅमेऱ्यावर आणि तुम्ही भिजत. फेसाच्या खालच्या टोकाशी एक थेंब लांबायचा, त्यात काहीतरी वळवळायचं, मग टप. धाकटी मोजत होती: एक, दोन, पाच, पाच, पाच. मी साठेक वेळा तरी शटर दाबलं असेल, मग हात आवरला. एवढ्याशा जिवावर आणखी किती उजेड मारायचा? एका फ्रेममध्ये ते मिळालं होतं. थेंब फांदीपासून सुटलेला, आत शेपटी वळवून बसलेलं पिल्लू, स्वल्पविरामासारखं.

मी धावत तुम्हाला स्क्रीन दाखवली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "ह्यांत बेबो खंय आसा?"

तो फोटो छापून तुम्हाला पाठवतोय, फ्रेम करून. सोप्यावर लावा, नाहीतर माळ्यावर टाका. मागच्या बाजूला तुमच्या त्या पहिल्या चार्टाची झेरॉक्स चिकटवली आहे. मूळ कागद मी देणार नाही, तो आमच्या फ्रिजच्या दारावर आहे, चौथ्यांदा सेलोटेप लावून.

आता कामाचं. मे संपत आला, यंदाचा चार्ट करायला तुम्ही पुढच्या रविवारी येणार आहातच. बुधवारची ओळ तशीच राहू द्या, भजनाला आता चतुर्थीच्या तयारीमुळे आणखी एक तास लागेल म्हणते. माझे शनिवार तीनच असू देत. एक बदल मात्र हवा आहे, आणि तो मागणारा मी नाही. थोरल्याला जूनपासून महिन्यातून एक फेरी माझ्याबरोबर करायची आहे. मी सांगितलं, आजोबांना विचार. त्याने वहीच्या पानावर अर्ज लिहिलाय, तो सोबत जोडतो. शुद्धलेखन त्याचं आहे, मी हात लावलेला नाही.

'आजोबा, एक हाप तिकीट पाहीजे. केरी ते घाट. रीटन.'

आपला जावई
साखळी