गव्हर्नर न्यूसम यांना खुले पत्र: समुद्र बंद केलात, आता नदीत पाणी सोडा

प्रति,
मा. गॅव्हिन न्यूसम,
गव्हर्नर, कॅलिफोर्निया राज्य,
सॅक्रामेंटो.

जून २०२५

महोदय,

या महिन्याच्या ७ आणि ८ तारखेला कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सॅल्मनसाठी पुन्हा गळ पडले. २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षे पूर्ण बंदी होती, समुद्रातही आणि सॅक्रामेंटो नदीतही. त्यामुळे त्या शनिवार-रविवारी हाफ मून बे, एमरीव्हिल, बोडेगा बे इथून बोटी भरभरून निघाल्या. आम्हा हौशी मासेमारांसाठी ठरवून दिलेला ७,००० माशांचा वाटा त्या दोन दिवसांतच संपला आणि उन्हाळ्याच्या उरलेल्या तारखा रद्द झाल्या. व्यावसायिक मच्छीमारांना तर ते दोन दिवसही मिळाले नाहीत. त्यांचे हे सलग तिसरे वर्ष बिनमाशांचे चालले आहे. आमचा प्रश्न हौसेचा आहे, त्यांचा पोटाचा, म्हणून त्यांचा उल्लेख सुरुवातीलाच करतो.

हे पत्र मी मराठीत लिहितो आहे, कारण बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसांनी ते वाचावे अशी इच्छा आहे. आपल्यातले बरेच जण इथे मतदार आहेत, नळाला येणारे पाणी कुठून येते हे त्यांना ढोबळ माहीत असते, पण त्या पाण्याचा आणि गोल्डन गेटखालून जाणाऱ्या माशाचा काय संबंध, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवली आहे.

मी सिंधुदुर्गातल्या खाडीकाठी वाढलो. गरवायला तिथेच शिकलो. आमच्याकडे दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. पावसाळा, खवळलेले पाणी, माशांच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की हंगाम सुरू. त्या बंदीबद्दल कोळ्यांच्या कितीही तक्रारी असोत, ती कशासाठी आहे आणि कधी उठणार हे लहान पोरही सांगते. इथल्या बंदीचे तसे नाही. दर मार्च-एप्रिलमध्ये आकडे येतात, मासे कमी आहेत असे कळते, हंगाम बंद होतो. मासे कमी का आहेत, या प्रश्नावर मात्र ज्यांच्या हाती पाण्याची चावी आहे त्यांच्यावर कोणतीही तारीख बांधलेली नसते.

बंदीला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. २०२२ च्या शरदात सॅक्रामेंटो खोऱ्यात परतलेले प्रौढ चिनुक (सॅल्मनची आम्ही पकडतो ती जात) सुमारे ६२,००० होते, आणि किमान उद्दिष्ट होते १,२२,००० चे. अशा वर्षानंतर गळ टाकायचा नसतो, हे आम्हाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. उलटा काटा नसलेला गळ आम्ही वापरतो, लांबी भरली नाही तर मासा परत सोडतो. शेपटीजवळचा छोटा पर कापलेला मासा मिळाला तर त्याचे डोके मत्स्य खात्याच्या माणसाला देतो, कारण तो उबवणी केंद्रातला मासा असतो आणि कोणत्या केंद्रातला, हे सांगणारी इवलीशी तार त्याच्या नाकाडात असते. परवान्याचे पैसेही आम्हीच भरतो. माशाच्या आयुष्यात गळ हा अगदी शेवटचा धोका आहे. त्याआधीची तीन वर्षे तो ज्या पाण्यात काढतो, त्याचा हिशेब या पत्रात मांडायचा आहे.

सॅल्मन न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आपल्याकडचा पाला (हिलसा) मासा जसा अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो, तसाच हा. फरक असा की चिनुक एकदाच वीण करतो आणि मरतो. मादी नदीतळच्या खड्यांत शेपटीने खळगा करून अंडी पुरते. पाणी गार असेल तरच ती जगतात. ५६ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या वर गेले की मरू लागतात. पिल्ले हिवाळ्यात आणि वसंतात नदीने खाली येतात, डेल्टा, म्हणजे नदीचा खाडीजवळचा त्रिभुज प्रदेश, ओलांडून गोल्डन गेटमधून समुद्रात जातात आणि बहुतेक तिसऱ्या वर्षी परततात.

पूर्वी हे मासे डोंगरातल्या गार झऱ्यांपर्यंत चढत. सॅक्रामेंटो नदीवरचे शास्ता धरण १९४५ मध्ये पूर्ण झाले आणि मॅक्लाउडसारख्या नद्या त्यांना कायमच्या बंद झाल्या. आता सगळी भिस्त धरणाच्या तळातल्या गार पाण्यावर. ते पाणी उन्हाळ्याच्या आरंभी सिंचनासाठी सोडून दिले की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, अंडी खड्यांत असताना, नदीत येते ते कोमट पाणी. २०२१ मध्ये हेच झाले. हिवाळी चिनुक ही जात संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे. त्या वर्षी तिच्या शंभर अंड्यांमागे तीन पिल्लेही हाती लागली नाहीत. शरदातल्या चिनुकची, म्हणजे आम्ही पकडतो त्या माशाची, आणखी एक व्यथा आहे. सिंचनाचा हंगाम संपला की धरणातून सोडायचे पाणी झपाट्याने कमी केले जाते. काठाजवळ पुरलेली अंडी मग उघडी पडून वाळतात.

समुद्राचा दोष नाही असे मी म्हणत नाही. अलीकडच्या वर्षांत हे मासे फार करून अँचोवीवर जगत आहेत, त्यामुळे माद्यांच्या अंगात थायमिन कमी पडते आणि उबवणी केंद्रांत पिल्ले भोवंडून मरताना दिसली आहेत. २०२० ते २०२२ चा दुष्काळही खरा होता. पण समुद्रात काय शिजते हे आपल्या हाती नाही. धरणातून किती पाणी, केव्हा आणि किती गार सोडायचे हे माणसे ठरवतात, आणि त्या माणसांपैकी बऱ्याच जणांची नेमणूक आपण करता.

२०२३ ला तर पाऊस धो धो पडला, धरणे भरली, मग मासे का नाहीत, असे मला मित्र विचारतात. त्या वर्षी नदीने खाली उतरलेली पिल्ले २०२२ च्या त्याच ६२,००० माशांची होती. पाणी आले तेव्हा पिल्लेच थोडी होती. समुद्रातल्या सॅक्रामेंटो चिनुकचा २०२५ चा अंदाज सुमारे १ लाख ६६ हजारांवर अडकला, तो यामुळे. २००२ मध्ये याच खोऱ्यात साडेसात लाखांहून अधिक मासे परतले होते, हेही इथे नोंदवतो.

आणि त्या ओल्या वर्षाच्या आरंभी काय झाले, ते आपल्याला आठवत असेल. जानेवारीत वादळांमागून वादळे येऊन गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपण आदेश काढलात की डेल्टातून समुद्राकडे सोडायच्या पाण्याचे नियम शिथिल करण्याचा विचार राज्य जल मंडळाने करावा, म्हणजे धरणांत साठा राहील. मंडळाने सवलत दिली. मार्चमध्ये ती मागे घ्यावी लागली. पिल्ले खाली उतरण्याचे दिवस ते नेमके हेच. वसंतात नदीला पाणी जास्त असेल तर समुद्रापर्यंत जिवंत पोचणाऱ्या पिल्लांचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, हे आता वादाचे राहिलेले नाही. नियम सैल करण्याचा आदेश निघाला फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये आपल्याच प्रशासनाने केंद्राकडे मत्स्यआपत्ती जाहीर करण्याची मागणी केली. या दोन कागदांमध्ये दोन महिन्यांचेही अंतर नाही.

आपल्या कारकिर्दीत चांगले घडले नाही असे नाही. क्लॅमथ नदीवरची चार धरणे पाडली गेली, काम ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आणि काही दिवसांत चिनुक ओरेगॉनमधल्या त्या पाण्यात दिसले जिथे ते शंभराहून अधिक वर्षे पोचू शकले नव्हते. युरोक आणि कारुक या तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी त्यासाठी दिलेला लढा मोठा आहे, पण राज्याने पैसा आणि शब्द दोन्ही दिले. ती बातमी वाचून मला किती आनंद झाला, हे लिहून सांगता येणार नाही. वाट मोकळी केली की मासा येतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

सॅक्रामेंटोच्या बाबतीत ती हिंमत का दिसत नाही? २०१८ मध्ये जल मंडळाच्याच आराखड्यात म्हटले होते की सॅक्रामेंटो आणि तिच्या उपनद्यांचे सुमारे ५५ टक्के नैसर्गिक पाणी नदीत वाहू द्यावे. बे-डेल्टा योजनेचा, म्हणजे खाडी आणि डेल्टातल्या पाण्याच्या नियमांचा, तो भाग अजून मंजूर झालेला नाही. त्याऐवजी मोठ्या जलसंस्थांशी ऐच्छिक करार करण्याचा मार्ग आपण पुढे रेटत आहात. जानेवारी २०२४ मध्ये आपण सॅल्मनसाठी ७१ कामांची योजना जाहीर केलीत. ती मी संपूर्ण वाचली. त्यात अधिवास आहे, उबवणी केंद्रे आहेत, माशांना वर चढता यावे म्हणून उपाय आहेत. नदीत किती पाणी राहील याचे बंधन मात्र पुन्हा त्याच रखडलेल्या योजनेवर सोपवलेले. आणि गेल्या महिन्यात आपण अर्थसंकल्पासोबत डेल्टाखालच्या ७२ किलोमीटर बोगद्याला वेग देणारा प्रस्ताव आणलात, ज्याचा अंदाजित खर्च २० अब्ज डॉलर आहे आणि जो सॅक्रामेंटोचेच पाणी दक्षिणेकडे नेणार आहे. बोगद्याला घाई आणि किमान प्रवाहाला सात वर्षे, हा क्रम मला पटत नाही.

शेतकऱ्यांशी माझे भांडण नाही. या राज्यात माणसे वापरतात त्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के शेतीला जाते आणि त्यावर लाखोंची घरे चालतात. महाराष्ट्रात उसाच्या पाण्यावरून चाललेले वाद ऐकत मोठा झालेला माणूस बदामाच्या बागांकडे पाहून सोपी उत्तरे देऊ शकत नाही. पण दुष्काळात जेव्हा तूट वाटून घ्यायची वेळ येते, तेव्हा मच्छीमाराचा वाटा शून्यावर येतो आणि तोही लगेच, कायद्याने.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. बे-डेल्टा योजनेतला सॅक्रामेंटोचा भाग आपली मुदत संपण्याआधी, म्हणजे २०२६ अखेरपर्यंत, प्रवाहाच्या ठोस आकड्यांसह मंजूर व्हावा. शास्ता धरण केंद्राचे असले तरी १९९० च्या आदेशाने नदीच्या तापमानाची जबाबदारी जल मंडळाने केंद्रावर टाकलेली आहे. तो आदेश दुष्काळातही पाळला जावा, कारण त्याची खरी गरज तेव्हाच असते. आणि दर एप्रिलमध्ये मासेमारीचा हंगाम जाहीर होतो त्याच आठवड्यात, त्या वर्षी कोणत्या धरणातून पिल्लांसाठी किती पाणी केव्हा सुटणार आहे, तेही जाहीर व्हावे. बंदीची बातमी वाचणाऱ्याला पाण्याची बातमीही त्याच दिवशी वाचता आली पाहिजे.

पुढच्या एप्रिलमध्ये हंगाम पुन्हा बंद ठेवावा लागला तर मी घरी बसेन. त्या वेळी वसंतात पिल्लांसाठी सोडलेल्या पाण्याचा आकडा आपल्याकडून लेखी मिळावा, ही विनंती.

आपला,
फ्रीमाँटचा एक रहिवासी आणि परवानाधारक हौशी मासेमार