विम्याचे गणित आपल्या पावसावर शिकवा

संपादक महोदय,

मी नागपुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. विमा जोखमीच्या पेपरमध्ये दाव्यांच्या संख्येसाठी पॉयसाँ वितरण आणि रकमेसाठी लॉगनॉर्मल किंवा पॅरेटो ही संभाव्यतेची गणिती प्रारूपे शिकतो. विषय मला मनापासून आवडतो; १९०३ मध्ये स्वीडिश गणितज्ञ लुंडबर्ग यांनी मांडलेली, कंपनीकडे येणाऱ्या सगळ्या दाव्यांची जोखीम एकत्र मोजण्याची कल्पना आजही कामाची आहे. पण एकाचा दावा दुसऱ्याच्या दाव्यापासून स्वतंत्र, हे गृहीतक आपल्याकडे टिकत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांतल्या गाड्या, फ्रिज, दुकानांतला माल एकाच वेळी पाण्याखाली गेला. काटोल-नरखेडकडे गारपीट झाली की लागून असलेल्या सगळ्या संत्राबागा झोडपल्या जातात. अशा वेळी त्याच भागात आणखी ग्राहक जोडून जोखीम विभागली जात नाही, उलट साचत जाते. माझ्या मते पेपरमधला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. तो शेवटच्या तासिकांत उरकला जातो आणि उदाहरणे येतात परदेशी वाहन विम्याची.

सोयाबीनच्या पीक विम्यात उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली उत्पादन गेले तर भरपाई मिळते ती पातळी) काढताना मागच्या सात वर्षांतली सर्वोत्तम पाच वर्षे धरतात. एवढ्या थोड्या आकड्यांवरची सरासरी किती डळमळीत असते, हे आम्हीच तपासायला हवे. कृषी विभागाने पीक कापणी प्रयोगांचे (निवडक शेतांतले पीक कापून उत्पादन मोजण्याचे) महसूल मंडळनिहाय आकडे विद्यापीठांना थेट वापरता येतील असे द्यावेत आणि अभ्यास मंडळाने त्यांवरचा प्रकल्प सक्तीचा करावा, ही विनंती.

– एक विद्यार्थिनी, नागपूर