हृदयरुग्णाला तिकीट काढतानाच विचारा

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री

महोदय, स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून आलेले ८० वर्षांचे एक गृहस्थ मुंबई विमानतळावर इमिग्रेशनकडे चालत जाताना कोसळले आणि गेले. नवरा-बायको दोघांसाठीही व्हीलचेअर सांगून ठेवली होती, मिळाली एकच. पत्नीला तिच्यात बसवून ते सोबत चालत निघाले. दुसरी येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. दंड योग्यच, पण मूळ अडचण तशीच आहे: प्लास्टरमधला पाय सगळ्यांना दिसतो, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, कोणालाच दिसत नाही.

विमान वर गेल्यावर केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते. कळसूबाई ५,४०० फूट! ज्याला डॉक्टर गड चढू देत नाहीत, तो त्याहून विरळ हवेत तासन्‌तास बसून असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही, दुबळ्या हृदयाला जाणवतं. शिवाय चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलं आहे.

तरीही बहुतेक हृदयरुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने सुखरूप जाऊन येतात. त्यांना घरी बसवा, असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त विचारा, आणि वेळेवर विचारा. माझ्या वडिलांच्या बायपासनंतर आम्ही दिल्लीला निघालो, तेव्हा विमानप्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं ‘फिट-टू-फ्लाय’ सर्टिफिकेट लागतं हे आम्हाला थेट चेक-इन काउंटरवर कळलं. डॉक्टर ओपीडीत, आम्ही विमानतळावर आणि वडील छातीला हात लावून उभे.

‘अलीकडे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का?’ हा प्रश्न तिकीट काढतानाच, मराठीतूनही यावा. ‘हो’ म्हणणाऱ्याला डॉक्टरांनी भरायचा फॉर्म तिथेच मिळावा आणि व्हीलचेअर त्याच्या नावावर पक्की व्हावी.

दुसरी मागणी एईडीची, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या छोट्या यंत्राची. हृदय बंद पडल्यावर शॉक न मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. एवढ्या वेळात कुठलंही विमान खाली उतरत नाही. अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांत हे यंत्र २००४ पासून सक्तीचं आहे. आपल्या छोट्या शहरांकडे जाणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानांमध्येही ते असलंच पाहिजे, आणि ते चालवता येणारी माणसंही.

आपण पुण्याचे खासदार आहात, म्हणून हक्काने लिहिलं. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एका हृदयरुग्णाचा मुलगा, पुणे